चार्ल्स ब्रॅडलॉ: निवडून येऊनही सहा वर्षं दाराबाहेर राहिलेला खासदार

आमदारांचा शपथविधी टीव्हीवर लागला की मी एका शब्दाकडे कान देऊन बसतो. "मी, अमुक अमुक..." यानंतर बहुतेक जण "ईश्वरसाक्ष शपथ घेतो की" असं म्हणतात. मधूनच एखादा "गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो की" म्हणतो आणि पुढचा मजकूर जसाच्या तसा वाचतो. सभागृहात कुणाची मानही वळत नाही. आपल्या संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत हे दोन्ही पर्याय शेजारी शेजारी छापलेले आहेत. ज्याला जो पटेल तो त्यानं घ्यावा.

यातला दुसरा पर्याय मागितला म्हणून इंग्लंडमध्ये एका खासदाराला सहा वर्षं पार्लमेंटबाहेर ठेवलं गेलं. त्यांना एक रात्र बिग बेनच्या घड्याळाच्या मनोऱ्यात डांबलं, एकदा पोलिसांनी जिन्यावरून खाली ढकललं, आणि सगळं संपून ते कामाला लागले तेव्हा हाताशी जेमतेम पाच वर्षं उरली होती. त्या पाचांतलं बरंच बळ त्यांनी हिंदुस्थानसाठी खर्च केलं. नाव चार्ल्स ब्रॅडलॉ. आपल्याकडे दादाभाई नौरोजींचं नाव सगळ्यांना माहीत असतं, ब्रॅडलॉ यांचं फार थोड्यांना. त्यांच्या लढ्यात कायद्याची गुंतागुंत इतकी आहे की सांगणारा बहुधा मध्येच सोडून देतो. ती गुंतागुंतच मला इथे उलगडायची आहे, कारण तिच्या आत एक साधा प्रश्न दडलाय: लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला आत घ्यायचं की नाही, हे ठरवणार कोण?

आधी माणूस पाहू. जन्म २६ सप्टेंबर १८३३, लंडनच्या हॉक्स्टन भागात. वडील एका वकिलाच्या कचेरीत कारकून. शाळा अकराव्या वर्षी सुटली आणि मुलगा कचेरीत निरोप्या म्हणून लागला. पुढे कोळशाच्या व्यापाऱ्याकडे कारकुनी केली. रविवारी चर्चमध्ये लहान मुलांना बायबल शिकवायचं कामही त्याच्याकडे होतं. बिशप येणार म्हणून पाद्रींनी त्याला तयारी करायला सांगितलं. पोरानं ती इतकी मन लावून केली की शुभवर्तमानं आणि चर्चची अधिकृत मतं यांचा मेळ बसत नाही, असं त्याच्या लक्षात आलं. त्यानं पाद्रींना पत्र लिहून विचारलं. उत्तर आलं नाही, शिक्षकाचं काम मात्र काढून घेतलं गेलं आणि वडिलांच्या कानावर गोष्ट गेली. वाद वाढत जाऊन अखेर त्यानं घर सोडलं. वय सोळा.

कर्ज झालं, पोटाची ओढाताण होऊ लागली, तेव्हा १८५० मध्ये तो सैन्यात शिरला. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतून हिंदुस्थानात जायची त्याची इच्छा होती. नेमणूक मिळाली आयर्लंडमध्ये. तिथे त्यानं शेतकऱ्यांची घरं पाडून त्यांना रस्त्यावर काढताना पाहिलं, आणि ते दृश्य त्याच्या मनातून कधी गेलं नाही. तीन वर्षांनी एका नातेवाईक बाईंच्या वारशाच्या पैशातून त्यानं सैन्यातून सुटका विकत घेतली आणि लंडनला येऊन वकिलाच्या कचेरीत कारकुनी धरली. ब्रॅडलॉ कधी वकील झाले नाहीत, पण कायदा त्यांना वकिलांइतका येऊ लागला. पुढे सरकारनं, विरोधकांनी किंवा कुणा खासगी माणसानं त्यांना कोर्टात खेचलं की बहुतेक वेळा ते स्वतःच उभे राहून आपली बाजू मांडत.

दिवसा कचेरी, संध्याकाळी व्याख्यान. मालकाला त्रास नको म्हणून ते टोपणनावानं बोलत. देव, चर्च, राजघराणं, जमीनदारी, सगळ्यांवर बोलत. १८६६ मध्ये त्यांनी नॅशनल सेक्युलर सोसायटी स्थापन केली. ती आजही चालू आहे.

१८७७ चा खटला मात्र थोडं थांबून सांगायला हवा. चार्ल्स नोल्टन नावाच्या अमेरिकन डॉक्टरानं १८३२ मध्ये संततिनियमनावर एक छोटी पुस्तिका लिहिली होती. ती विकल्याबद्दल एका विक्रेत्याला शिक्षा झाली. तेव्हा ब्रॅडलॉ आणि त्यांच्या सहकारी ॲनी बेझंट यांनी ती मुद्दाम पुन्हा छापली आणि पोलिसांना आधी कळवून स्वतः विकली. गरिबाच्या घरात दरवर्षी मूल येतं, त्याला ही माहिती मिळायला हवी, असं दोघांचं म्हणणं होतं. खटला उभा राहिला, पुस्तिकेच्या लाखावर प्रती खपल्या, सहा महिने कैद आणि २०० पौंड दंड अशी शिक्षा झाली. पुढच्या वर्षी अपिलात ती तांत्रिक कारणावरून रद्द झाली. बेझंटबाईंना याची किंमत वेगळ्या मार्गानं मोजावी लागली. कोर्टानं त्यांच्या मुलीचा ताबा काढून घेतला. त्यानंतर पन्नासएक वर्षांनी रघुनाथ धोंडो कर्वे मुंबईत याच विषयावर लिहीत होते आणि अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड देत होते.

आता पार्लमेंट. नॉर्थॅम्प्टन हे चपला-बूट बनवणाऱ्या कारागिरांचं गाव. तिथून ब्रॅडलॉ तीनदा हरले आणि १८८० मध्ये जिंकले. मतदारसंघ दोन सदस्यांचा होता. दुसरे निवडून आले हेन्री लाबुशेर. हे लाबुशेरही धर्म मानणारे नव्हते. त्यांनी गेल्या गेल्या शपथ घेतली आणि जागेवर जाऊन बसले. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

त्या वेळी नव्या खासदाराला राणी व्हिक्टोरियाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागे, आणि तिचा शेवट देवाच्या नावानं होई. बायबल हातात घ्यायचं, शब्द उच्चारायचे, पुस्तकाचं चुंबन घ्यायचं. या शपथेनं याआधीही माणसं बाहेर ठेवली होती. कॅथलिकांचा अडसर १८२९ मध्ये दूर झाला. लायोनेल डी रॉथशिल्ड हे ज्यू गृहस्थ १८४७ मध्ये निवडून आले, पण शपथेत ख्रिस्ती शब्द असल्यामुळे त्यांना आत बसायला १८५८ उजाडलं. क्वेकर पंथाचे लोक तर शपथच घेत नाहीत, बायबलमध्येच ती घेऊ नका असं म्हटलंय म्हणून. त्यांच्यासाठी "मी प्रतिज्ञेवर सांगतो" (आपलं "दृढकथन" म्हणजे हेच) असा पर्याय कायद्यानं दिला होता.

१८६६ च्या कायद्यात म्हटलं होतं की क्वेकर आणि "ज्यांना कायद्यानं शपथेऐवजी प्रतिज्ञा करायची मुभा आहे अशी इतर माणसं" यांनी प्रतिज्ञा केली तरी चालेल. ब्रॅडलॉ यांचा दावा या एका वाक्यावर उभा होता. काही वर्षांपूर्वी पैशाच्या एका दाव्यात त्यांची साक्ष कोर्टानं ऐकून घेतली नव्हती. देव न मानणाऱ्याच्या शपथेला अर्थ काय, असं कारण दिलं. त्या अन्यायावर त्यांनी रान उठवलं आणि १८६९ व १८७० मध्ये कायदा बदलून नास्तिकांना कोर्टात प्रतिज्ञेवर साक्ष देता येऊ लागली. म्हणजे "कायद्यानं मुभा असलेली माणसं" यात मी बसतो, असं त्यांचं म्हणणं. विरोधक म्हणाले, मुभा कोर्टातल्या साक्षीपुरती आहे, पार्लमेंटसाठी नाही. दोन्ही वाचनं शक्य होती. समिती नेमली, मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या एका मतानं निर्णय ब्रॅडलॉ यांच्या विरुद्ध गेला.

तेव्हा ते म्हणाले, ठीक आहे, मग मी शपथ घेतो. इथे त्यांनी एक गोष्ट केली जी आजही माझ्या मनात घर करून आहे. त्यांनी वर्तमानपत्रात पत्र छापून सांगितलं की शपथेतल्या देवाविषयीच्या शब्दांना माझ्या लेखी स्पष्ट अर्थ नाही, पण तिच्यातली निष्ठेची बांधिलकी मी पूर्ण पाळीन. गप्प राहून शपथ घेतली असती तर कुणी अडवलं नसतं. लाबुशेर यांना कुणी अडवलं होतं? पण मतदारांना अंधारात ठेवणं त्यांना मान्य नव्हतं, आणि तेच पत्र विरोधकांच्या हातातलं हत्यार झालं.

विरोधात पुढे होते लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल (विन्स्टन चर्चिल यांचे वडील) आणि त्यांचे चार-दोन साथीदार. रँडॉल्फ यांनी तर ब्रॅडलॉ यांची राजघराण्यावरची पुस्तिका भर सभागृहात जमिनीवर आपटली. त्यांचा खरा नेम पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्यावर होता. ब्रॅडलॉ लिबरल बाजूचे, म्हणजे ग्लॅडस्टन नास्तिकांना पाठीशी घालतात असं रंगवायला ही नामी संधी होती. ज्या आयरिश खासदारांच्या हक्कांसाठी ब्रॅडलॉ वर्षानुवर्षं बोलत आले होते, त्यांतल्याही बहुतेकांनी पाठ फिरवली. कॅथलिक चर्चचा दबाव मोठा होता.

२३ जून १८८० रोजी सभागृहानं बाहेर जायला सांगितलं आणि ब्रॅडलॉ जागचे हलले नाहीत. त्यांना ताब्यात घेऊन घड्याळाच्या मनोऱ्यातल्या खोलीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी विरोधी पक्षाच्याच नेत्यानं सुटकेचा ठराव मांडला, कारण बाहेर लोकांची सहानुभूती कैद्याकडे झुकू लागली होती. मग ग्लॅडस्टन यांनी मधला मार्ग काढला: ब्रॅडलॉ यांनी स्वतःच्या जबाबदारीवर प्रतिज्ञा करावी, ती कायदेशीर आहे का ते कोर्ट ठरवेल.

इथे एक विचित्र तरतूद पुढे येते. रीतसर शपथ न घेता जो खासदार मत देईल त्याला प्रत्येक मतामागे ५०० पौंड दंड. पूर्वीच्या इंग्लंडमध्ये अशा काही दंडांसाठी कोणीही नागरिक दावा लावू शकत असे आणि जिंकला तर रक्कम त्याच्या खिशात जाई. ब्रॅडलॉ यांनी पहिलं मत दिलं आणि एका माणसानं त्यांच्यावर दावा ठोकला. त्याच्यामागे पैसा होता न्यूडिगेट नावाच्या खासदाराचा. कोर्टानं १८८१ च्या मार्चमध्ये निकाल दिला: कोर्टातल्या साक्षीची मुभा इथे लागू नाही. ब्रॅडलॉ यांची जागा रिकामी झाली. पुढे १८८३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं (तेव्हा शेवटचं अपील तिथेच चाले) ठरवलं की असा दावा लावायचा अधिकार खासगी माणसाला नव्हताच, तो फक्त सरकारला होता. दुसऱ्याच्या दाव्याला पैसा पुरवणं हाच गुन्हा ठरवणारा एक जुना नियम होता, तो शोधून ब्रॅडलॉ यांनी उलट न्यूडिगेट यांच्यावर दावा लावला आणि जिंकला. दिवाळखोरी अशी थोडक्यात टळली.

याच तरतुदीची छाया आपल्या संविधानात आहे. अनुच्छेद १०४ काढून वाचा: शपथ किंवा प्रतिज्ञा न करता जो सदस्य संसदेत बसेल किंवा मत देईल त्याला दर दिवसामागे ५०० रुपये दंड. विधिमंडळासाठी हेच अनुच्छेद १९३ मध्ये आहे. आकडा तोच, फक्त पौंडांच्या जागी रुपये.

जागा रिकामी झाली की पोटनिवडणूक. नॉर्थॅम्प्टनच्या चांभारांनी ब्रॅडलॉ यांना पुन्हा पाठवलं, १३२ मतांनी. पुन्हा दारात अडवणूक. ३ ऑगस्ट १८८१ रोजी ते आत जायला निघाले, बाहेर अर्ज घेऊन आलेले हजारो समर्थक उभे होते. ब्रॅडलॉ अंगापिंडानं दांडगे. त्यांना मागे रेटायला दारावरचे कर्मचारी आणि दहा पोलीस लागले. झटापट करत त्यांना जिन्यावरून खाली आणून अंगणात सोडलं तेव्हा कोट फाटलेला, चेहरा पांढराफटक, दंडाच्या स्नायूंना इजा. त्या क्षणी त्यांनी नुसता हात वर केला असता तरी गर्दी आत घुसली असती. पण त्यांनी लोकांना आधीच बजावलं होतं की काही झालं तरी हात उगारायचा नाही. ज्या सभागृहात आपल्याला जायचंय त्याच्यावर गर्दी घालायची नाही, असा त्यांचा हिशेब होता.

फेब्रुवारी १८८२ मध्ये ते सरळ चालत टेबलापाशी गेले, खिशातून बायबल आणि शपथेचा कागद काढला, स्वतःच शपथ वाचली, पुस्तकाचं चुंबन घेतलं, सही केली. सभागृहानं त्यांना सदस्यत्वावरून काढून टाकलं. मतदारांनी १०८ मतांनी परत पाठवलं. १८८४ मध्ये पुन्हा हेच घडलं. या वेळी त्यांनी स्वतः राजीनामा देऊन कौल मागितला आणि मताधिक्य ३६८ झालं. कौल मागावा आणि तो वाढत जावा, यापेक्षा स्पष्ट उत्तर मतदार कसं देणार?

मधल्या काळात ग्लॅडस्टन यांनी प्रतिज्ञेचा पर्याय सर्वांना देणारं विधेयक आणलं. ते स्वतः कमालीचे धार्मिक, ब्रॅडलॉ यांची मतं त्यांना मनापासून नावडती. २६ एप्रिल १८८३ चं त्यांचं भाषण पार्लमेंटच्या इतिहासातल्या थोर भाषणांत गणलं जातं, आणि त्याचा गाभा लाबुशेर यांच्या उदाहरणातून सहज कळतो. ही शपथ नास्तिकाला अडवत नाही. तिच्यात अडकतो तो आपलं मत उघड सांगणारा, मनातलं लपवणारा सुखानं आत जातो. अशा चाळणीनं धर्माचं रक्षण होत नाही, उलट खोटं बोलायला बक्षीस मिळतं. विधेयक २८९ विरुद्ध २९२ असं पडलं. तीन मतं!

याच लढ्यातला एक निकाल आजही वकिलांच्या तोंडी असतो. सभागृहानं मला बेकायदा अडवलंय, कोर्टानं मध्ये पडावं, असा दावा ब्रॅडलॉ यांनी १८८४ मध्ये सभागृहाचे सार्जंट, म्हणजे तिथली शिस्त राखणारे अधिकारी, गॉसेट यांच्याविरुद्ध लावला. न्यायाधीश म्हणाले, सभागृहाच्या चार भिंतींच्या आतला कारभार हा सभागृहाचाच, तिथे त्यांनी कायद्याचा अर्थ चुकीचा लावला तरी आम्ही हात घालणार नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयात विधानसभेचे विशेषाधिकार आणि न्यायालयं यांच्यातला पेच १९६४-६५ मध्ये केशव सिंग प्रकरणात आला, तेव्हा या निकालाची चर्चा झाली. आपलं संविधान मात्र लिखित आहे, सभागृहही त्याच्या खाली येतं, म्हणून आपल्याकडे कोर्टाचा हात थोडा लांब पोचतो.

शेवट कसा झाला ते वाचून पहिल्यांदा मला विश्वास बसेना. १३ जानेवारी १८८६, नवं पार्लमेंट. ब्रॅडलॉ पुन्हा निवडून आलेले. कायदा बदललेला नाही. उलट, नास्तिकाची शपथ ही शपथच नव्हे, असा कोर्टाचा निकाल ताजा होता. आक्षेप घेणारे तयार होते. स्पीकर आर्थर पील यांनी सांगितलं, मागच्या सभागृहाचे ठराव त्या सभागृहाबरोबर संपले; शपथ घ्यायला आलेल्या सदस्याच्या मनात काय आहे ते विचारायचा अधिकार मलाही नाही आणि दुसऱ्या कुणालाही नाही. ब्रॅडलॉ पुढे झाले, शपथ घेतली, सही केली, बसले. सहा वर्षांचा झगडा खुर्चीवरच्या एका माणसानं प्रश्न न विचारल्यामुळे मिटला. म्हणजे हे १८८० मध्येही करता आलं असतं.

दोन वर्षांत त्यांनी स्वतः विधेयक आणून ते मंजूर करून घेतलं. १८८८ च्या या शपथ कायद्यानं पार्लमेंटमध्ये आणि कोर्टात धर्म न मानणाऱ्यांना प्रतिज्ञेचा हक्क मिळाला. गंमत नव्हे, खेद वाटावा अशी बाब म्हणजे इंग्रजांच्याच हिंदुस्थानात १८७३ च्या कायद्यानुसार हिंदू आणि मुसलमान साक्षीदार कोर्टात प्रतिज्ञेवरच साक्ष देत होते. मुंबईच्या कोर्टात जे रोजचं होतं त्यासाठी लंडनमध्ये एका माणसाची तब्येत खचली.

हिंदुस्थानविषयी कॉमन्समध्ये, म्हणजे पार्लमेंटच्या लोकनियुक्त सभागृहात, बोलणारा माणूस तेव्हा विरळाच. अर्थतज्ज्ञ हेन्री फॉसेट बोलत, त्यांना "हिंदुस्थानचे सदस्य" म्हणत. ते १८८४ मध्ये गेले आणि ती ओळख ब्रॅडलॉ यांच्याकडे आली. १८८९ च्या शरद ऋतूत ते मूत्रपिंडाच्या विकारानं मरता मरता वाचले. त्यातून उठले आणि डिसेंबरात मुंबईला काँग्रेसच्या पाचव्या अधिवेशनाला आले. सैन्यात शिरताना हिंदुस्थानला यायचं राहून गेलं होतं, ते एकोणचाळीस वर्षांनी घडलं. अध्यक्ष होते विल्यम वेडरबर्न. १८८९ साली प्रतिनिधीही बरोबर १८८९ जमले होते. कायदेमंडळात लोकांनी निवडलेले सदस्य कसे असावेत याचा आराखडा तिथे ठरला आणि त्याचं विधेयक करायचं काम ब्रॅडलॉ यांच्यावर सोपवलं गेलं. याच आराखड्यावर टिळकांनी दुरुस्ती सुचवली आणि तिला अनुमोदन दिलं गोखल्यांनी. पुढे ज्यांची तोंडं दोन दिशांना झाली ते दोघे इथे एका बाजूला होते. ब्रॅडलॉ आपल्या भाषणात म्हणाले, मी लोकांत जन्मलो, लोकांनी माझ्यावर विश्वास टाकला, मी लोकांसाठीच काम करणार. आणि या "लोकां"ना मी देशाची किंवा वंशाची सीमा मानत नाही.

१८९० मध्ये त्यांनी ते विधेयक कॉमन्समध्ये आणलं. हिंदुस्थानातल्या कायदेमंडळांसाठी १८९२ चा कौन्सिल कायदा सरकारनं केला तो बराच पातळ होता, पण त्याच्यामागे हा रेटा होता. काश्मीरच्या महाराजांचे अधिकार काढून घेतल्याचा प्रश्नही त्यांनी त्याच वर्षी सभागृहात लावून धरला. १८९२ चा तो कायदा पाहायला मात्र ते राहिले नाहीत.

२७ जानेवारी १८९१ रोजी कॉमन्सनं ठराव केला की ब्रॅडलॉ यांना शपथ आणि प्रतिज्ञा दोन्ही नाकारणारा जून १८८० चा ठराव सभागृहाच्या दप्तरातून काढून टाकावा. ब्रॅडलॉ तेव्हा घरी बेशुद्धावस्थेत होते. त्यांना हे कळलंच नाही. ३० तारखेला ते गेले.

लंडनजवळच्या ब्रुकवुड दफनभूमीत त्यांना पुरलं. लंडनमध्ये राहणारा झाडून सगळा हिंदी माणूस तिथे गेला होता, असं त्या गर्दीतल्या एका एकवीस वर्षांच्या कायद्याच्या विद्यार्थ्यानं पुढे आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय. काही पाद्रीही मान द्यायला आले होते. परतताना स्टेशनवर गाडीची वाट बघत असताना एक कट्टर नास्तिक त्यांतल्या एका पाद्रीबुवांना हटकून विचारू लागला, तुमचा देव केवढा आणि तो राहतो कुठे? पाद्रीबुवा शांतपणे म्हणाले, तो तुमच्या-माझ्या दोघांच्या हृदयात राहतो. हे ऐकत उभ्या असलेल्या त्या विद्यार्थ्याचं नाव मोहनदास गांधी. नास्तिकतेबद्दलची त्यांची नावड त्या संवादानं वाढलीच. तरीही त्या दिवशी ते एका नास्तिकाला निरोप द्यायला आले होते.